फितींतले बुवा

ज्यांच्याकडे आम्ही गाणे शिकलो त्या बुवांना जाऊन सात वर्षे झाली होती, तेव्हा आमच्या एका गुरुभगिनीने घर आवरताना सापडलेल्या चौदा कॅसेटी माझ्याकडे आणून दिल्या आणि यांचे काय करायचे ते तूच ठरव, असे सांगून ती निघून गेली. कॅसेटींवर तिच्या हातची अक्षरे होती: ‘यमन, विलंबित’, ‘भूप, परत’, ‘केदार, अर्धवट’. एकीवर नुसतेच ‘रागावले’ असे लिहिलेले होते. माझ्याकडचा टेपरेकॉर्डर बंद पडून बरीच वर्षे झाली होती. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत सहा आठवडे गेले आणि मग एका दुपारी पहिली कॅसेट लावली, तेव्हा आधी तंबोरा ऐकू आला, मागोमाग बुवांचे खाकरणे, आणि गुरुभगिनीने षड्ज लावताच ‘हं, खाली आहे’ हे त्यांचे तीन शब्द. हे तीन शब्द मी अकरा वर्षे, आठवड्यातून तीनदा, बहुतेक वेळा स्वतःला उद्देशूनच ऐकलेले होते.

त्या चौदा कॅसेटींपासून सुरू झालेले काम पुढे चार वर्षे चालले. बुवांच्या तालमीच्या जेवढ्या फिती शिष्यांकडे उरल्या होत्या तेवढ्या गोळा करून, दुरुस्त करून, संगणकावर उतरवून आणि त्यांतल्या चिजांचे स्वरलेखन करून ठेवायचे, एवढेच सुरुवातीला ठरले होते. आठवणींचे पुस्तक काढावे असेही काहींचे म्हणणे होते, पण आम्ही एकमेकांना सांगत असलेल्या आठवणी वर्षागणिक अधिक गोड आणि अधिक सारख्या होत चालल्या आहेत, हे मला जाणवू लागले होते, आणि निदान फिती तरी गोड बोलणार नाहीत अशी माझी अटकळ होती.

मुळात तालीम ध्वनिमुद्रित करायला बुवांनी परवानगी दिली हेच नवल होते. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली, पण ती घरोघरी पोहोचून शिष्यांच्या हाती येईपर्यंत आणखी बरीच वर्षे गेली, आणि आमच्या आधीच्या शिष्यांनी जे काही नेले ते गळ्यात आणि वहीत नेले. बुवांच्या स्वतःच्या गुरूंचा आवाज कोठेही मुद्रित झालेला नाही. ती खंत त्यांना होती आणि तीमुळेच त्यांनी आम्हाला यंत्र आणू दिले असावे. पण त्याला एक अट होती. आज झालेली तालीम दोन दिवस ऐकायची नाही. आधी आठवेल तसे गायचे, अडेल तिथे अडायचे, आणि तिसऱ्या दिवशी फीत लावून आपल्या हातून काय सुटले ते पाहायचे. फीत ऐकत ऐकत गाणारा मनुष्य फितीचा शिष्य होतो, माझा नाही, असे ते म्हणत. ही अट आम्ही किती पाळली हा वेगळा प्रश्न आहे. मी पहिले सहा महिने पाळली आणि मग सोडली, आणि ते त्यांना माझ्या गाण्यावरून ताबडतोब कळले, कारण त्यांनी चुकून घेतलेला एक श्वासही मी जसाच्या तसा घेऊ लागलो होतो.

शोध घेता घेता एकोणीस जणांकडून मिळून २१२ कॅसेटी जमल्या. ज्यांच्याकडे कॅसेटी होत्या त्यांतल्या अनेकांनी त्या देण्यास टाळाटाळ केली, आणि त्याचे कारण गुरुभक्ती नव्हते, संकोच होता. तालमीच्या फितीत गुरूचे गाणे थोडे आणि शिष्याचे बेसूर फार असते. आज स्वतः शिकवणारा, मैफली करणारा मनुष्य विशीतला आपला थरथरता षड्ज इतरांच्या कानी पडू द्यायला सहजासहजी तयार होत नाही. एका गुरुबंधूने तर कॅसेटी देताना स्वतःचे गाणे असलेला भाग पुसून टाकण्याची परवानगी मागितली. ती आम्ही दिली नाही. काही फितींवर पुढे दुसरेच काही मुद्रित झाले होते, कारण कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन छोटे कान तोडून ठेवले की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही, ही साधी गोष्ट तेव्हा फारच थोड्यांना माहीत होती. अशाच एका फितीत मारव्याचा आलाप रिषभावर असतानाच तुटतो आणि एक लहान मूल पाढे म्हणू लागते.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर हे काम चिकाटीचे होते, कठीण नव्हते. फितीच्या कडांवर पांढरी बुरशी आली असेल तर ती कॅसेट वेगळी ठेवायची, म्हणजे तिची लागण यंत्राला आणि यंत्रातून इतर फितींना होत नाही. फितीला हेडवर, म्हणजे तिच्यावरचा आवाज टिपणाऱ्या भागावर, दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी बहुतेक जुन्या कॅसेटींत गळून पडलेली असते, आणि ती बसवल्याशिवाय आवाज येतो आणि जातो. ज्या कॅसेटींचे कवच स्क्रूचे नसून चिकटवलेले होते, ती कवचे फोडून आतली गुंडाळी नव्या कवचात बसवावी लागली. वाजवण्यापूर्वी प्रत्येक फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात पडून राहिलेली गुंडाळी मोकळी होते. बारा फिती यातूनही वाचल्या नाहीत.

यातले एक काम मात्र मला मनापासून आवडू लागले. प्रत्येक घरातल्या टेपरेकॉर्डरचे हेड किंचित वेगळ्या कोनात बसवलेले असे आणि त्यामुळे वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन त्या त्या फितीशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर आवाजातला वरचा, उजळ भाग नाहीसा होतो. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवत कानाने ऐकायचे असते. आमच्याकडे ऐकायला तंबोरा होता. स्क्रू चुकीच्या जागी असेपर्यंत तंबोरा घोंगडीत गुंडाळल्यासारखा वाटे आणि योग्य जागा आली की जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणकार, एकदम खुले. सुमारे शंभर फितींनंतर माझ्या लक्षात आले की हे आपण पूर्वी केलेले आहे. बुवा तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा धागा ठेवून तो अगदी याच गतीने सरकवत आणि समोर बसलेल्याला विचारत की आवाज कोणत्या क्षणी उघडला.

सुरुवातीला आम्ही फितींचा पहिला पंधरा-वीस मिनिटांचा भाग वगळायचा विचार केला होता, कारण त्यात तंबोरा लावण्याखेरीज काहीच नव्हते. पाचव्या-सहाव्या फितीनंतर तो विचार सोडून दिला. खुंटी पिळण्याचा आवाज, मणी सरकवण्याचा आवाज, जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळण्यापूर्वीची ती लहर, आणि मध्येच विचारलेले ‘गंधार आला का?’ हे सगळे म्हणजेच तालीम होती. खर्जाची तार नीट लागली आणि जवारी बरोबर असली की, कोणतीही तार गंधारात लावलेली नसताना, तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. तारेच्या कंपनांत मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या अंशस्वरांपैकी पाचव्यामुळे असे घडते. हा स्वयंभू गंधार संवादिनीच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो. सप्तकाचे १२०० भाग केले तर हे अंतर सुमारे १४ भागांचे भरते. हे आकडे बुवांना माहीत असण्याचे कारण नव्हते, परंतु भूप शिकवताना ते संवादिनी बंद करून ठेवायला लावत. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत संवादिनीला मज्जाव केला होता, त्यावरून उठलेल्या वादांत त्यांना यत्किंचितही रस नव्हता. ते स्वतः तिच्यावर षड्ज देत असत. त्यांचे म्हणणे एवढेच होते की जो गंधार समोर तंबोऱ्यात आयता वाजतो आहे, तो सोडून पेटीतला कशासाठी उचलायचा. एका फितीत ‘गंधार आला का?’ या प्रश्नावर एक नवखा विद्यार्थी आदराने ‘आला’ म्हणतो, आणि बुवा म्हणतात, “मला अजून आला नाही, तुला कुठून आला?”

वेगाचा प्रश्न अधिक किचकट निघाला. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने चालावी अशी रचना असते, पण घरगुती यंत्रे तो वेग काटेकोरपणे पाळत नसत आणि बॅटरी उतरत चालली की मुद्रण करताना यंत्र मंद होई. अशी फीत पुढे चांगल्या यंत्रावर लावली की सगळेच चढे आणि घाईचे ऐकू येते. वेगात तीन टक्के फरक पडला, तर संवादिनीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले जवळजवळ अर्धे अंतर सूर वर सरकतो. एका फितीत बुवांचा आवाज इतका पातळ आणि तरुण लागत होता की आम्ही ती सर्वांत जुनी समजून तशी नोंदही केली होती. प्रत्यक्षात ती नंतरच्या वर्षांतली होती आणि त्या दिवशी यंत्राची बॅटरी संपत आलेली होती. यावर उपाय बुवांच्या सवयीनेच पुरवला. प्रत्येक तालमीच्या आरंभी ते वर्गातल्या त्याच एका संवादिनीवर काळी एक दाबून तंबोरा लावायला घेत. ती संवादिनी आज एका गुरुबंधूकडे आहे. तिची ती पट्टी मोजून, तिच्याशी फितीतला पहिला सूर जुळवला आणि पुढे तंबोऱ्याच्या षड्जावर नजर ठेवून वेग दुरुस्त करत गेलो. पत्र्याचे सूर इतक्या वर्षांत थोडे सरकले असतीलही, पण उतरत्या बॅटरीइतके नक्कीच नाहीत.

एक चूक मात्र आम्ही केली, आणि ती चांगल्या हेतूने केली. आमच्यातल्या एका अभियंत्याने पहिल्या तीस फितींमधली खरखर सॉफ्टवेअरने साफ करून दिली. ऐकायला त्या अतिशय स्वच्छ झाल्या आणि सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. महिन्याभराने त्यांतली एक लावून मी स्वरलेखन करायला बसलो असता मला आलापाची वाक्ये कोठे तुटतात तेच कळेना. मूळ फीत लावून पाहिली. खरखरीबरोबर श्वास गेले होते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने श्वास आणि फितीची सरसर यांत फारसा भेद नसतो, आणि तंबोऱ्याच्या वरच्या अंशस्वरांची झळाळी हीसुद्धा त्याला खरखरच वाटते. बुवांची अर्धी विद्या श्वासात होती. दुसऱ्याचे गाणे ऐकताना त्याचे स्वर मोजू नका, तो दम कुठे घेतो ते पाहा, असे ते आम्हाला सांगत. त्या तीस फिती पुन्हा उतरवाव्या लागल्या. त्यानंतर आम्ही प्रत्येक फितीची एक अस्पर्श प्रत ठेवू लागलो, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणाची, जिला एका तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते, आणि ऐकण्यासाठी वेग दुरुस्त केलेली दुसरी प्रत, जिच्यात खरखर आहे तशी राहू दिली आहे. अस्पर्श प्रती तीन वेगवेगळ्या घरी ठेवल्या आहेत.

स्वरलेखनाला बसलो आणि जुने भांडण वर आले.

यमनमधली मध्यलय त्रितालातली एक चीज बुवांनी आम्हा जवळजवळ सर्वांना शिकवली होती, आणि ती प्रत्येक जण थोडी वेगळी गात असे. माझ्याकडे मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा चिजेचा सुरुवातीचा तुकडा, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतो. एका गुरुबंधूकडे तो सातव्या मात्रेपासून उठतो आणि त्यामुळे समेपर्यंतची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंतची, वाट लांब होते. एकीकडे अंतरा सरळ तार षड्जावर जाऊन बसतो, तर दुसरीकडे तो निषादावर रेंगाळून मगच वर चढतो. बुवांच्या स्मरणार्थ एकत्र जमलो की ही चीज सगळ्यांनी मिळून म्हणायची असे दर वेळी ठरे आणि दर वेळी दोघे-तिघे गप्प राहत, कारण आपण शिकलो ते खरे आणि बाकीच्यांनी ते ढिसाळपणे बदलले, अशी प्रत्येकाची खात्री होती. माझीही होती. एका वरिष्ठ गुरुबंधूंशी तर याच कारणावरून माझे दोन वर्षे बोलणे नव्हते.

फितींत चारही रूपे निघाली. नुसती निघाली असे नाही, तर त्यांतली दोन एकाच महिन्यातली होती, आणि चारही बुवांच्याच गळ्यातून. सातव्या मात्रेपासूनचा मुखडा ज्या गुरुबंधूला मिळाला होता, त्याचा गळा विलक्षण चपळ होता आणि तो समेवर आदळत असे. लांब मुखड्याने त्याला उतावीळपणा करता येईना, हे त्या फितीत स्पष्ट ऐकू येते, कारण बुवा सुरुवातीला त्यालाही नववीपासूनचाच मुखडा देतात आणि चार वेळा समेवर आपटल्यानंतर, काहीही न बोलता, पाचव्या वेळी सातवीपासून उठतात. जिचा तार सप्तक कष्टाने लागत असे तिला निषादावरची विश्रांती मिळाली होती. मला मुखडा आखूड मिळाला, कारण माझा दम आखूड होता. हे वाचताना सोपे वाटेल, पण ज्या गोष्टीला मी तीस वर्षे परंपरेचे शुद्ध रूप म्हणून जपत आणि विद्यार्थ्यांना तसे ठासून सांगत आलो होतो, ती माझ्या उणिवेच्या मापाने बेतलेली होती, हे पचायला काही दिवस लागले. एका फितीत तर एक विद्यार्थिनी धीर करून विचारतेच की बुवा, त्याला तुम्ही वेगळी सांगितलीत. त्यावर बुवा म्हणतात, “त्याला बसली ती त्याला दिली. तू तुझी म्हण.”

मग बुवांच्या गुरूंची मूळ चीज कोणती, हा प्रश्न वरिष्ठ गुरुबंधूंनी लगेच उपस्थित केला, आणि त्याला उत्तर नाही. आम्ही चारही रूपे लिहून काढली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ती कोणाला, केव्हा शिकवली ते नोंदवले. आमच्यातल्या बहुतेकांच्या वह्या भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीच्या होत्या, परंतु वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या एका गुरुबंधूंची वही पलुस्कर पद्धतीची निघाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्या शाखेच्या एका शिक्षकाकडे हे गृहस्थ आधी शिकलेले होते. भातखंडे पद्धतीत स्वरावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो आणि पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तक दाखवतो. ही गोष्ट विसरून आमच्यातल्या एका तरुणाने त्या वहीतला दरबारी कानडा उतरवला, आणि बुवांनी या रागात मंद्र सप्तकाला हातच लावला नाही, असा आश्चर्यकारक निष्कर्ष काढून तो आम्हाला दाखवायला आणला.

आता माझ्या स्वतःच्या फितीविषयी. मी गेलो तेव्हा मला बुवांनी अठरा महिने भूपच शिकवला. माझ्यानंतर आलेल्या मुलांचे तेवढ्या काळात पाच-सहा राग झाले होते. सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांपलीकडे मला जाऊ दिले जात नाही, याचा अर्थ माझ्याकडून काही होणार नाही असाच मी घेतला आणि ते दुखणे पुढे त्यांच्याशी संबंध कितीही जिव्हाळ्याचे झाले तरी पूर्ण गेले नाही. त्या काळातल्या माझ्या तीन फिती उरल्या आहेत. त्यांतल्या एकीत मी ‘सां ध प ग’ अशी वाक्ये म्हणतो आहे आणि दर वेळी धैवतावर थांबतो आहे. बुवा सांगतात की धैवतावर बसलास की देसकार झाला. हे मला आठवत होते. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि देसकारात धैवत, हा फरक त्या दिवशी मला कळला अशी माझी समजूत होती आणि मी तो प्रसंग रागभेदाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना सांगतही असे.

पुढे फितीत कोणीतरी दार वाजवते. बुवा मला पाहायला पाठवतात. यंत्र चालूच राहते. खोलीत ते एकटे आहेत, तंबोरा वाजतो आहे, आणि ते तेच वाक्य म्हणू लागतात, पण त्यांच्या पद्धतीने नाही, माझ्या पद्धतीने. छातीने दिलेला धक्का, षड्जावर वाया घालवलेला दम, धैवतावर येऊन बसणे, हे सगळे माझे दोष ते हुबेहूब गातात. एकदा नाही, सात वेळा. मध्ये थांबून ते नुसताच श्वास सोडतात. आठव्या वेळी वाक्य बदलते: सांनंतर ते धैवताला केवळ स्पर्श करून पंचमावर येतात, तिथे श्वास घेतात आणि मग गंधाराकडे मींडेने उतरतात. तेवढ्यात मी परत येतो, आणि बुवा काहीही झाले नसल्यासारखे मला म्हणतात की पंचमावर दम घे. तेव्हा मी धैवतावर थांबत होतो तो राग न कळल्यामुळे नव्हे, तर माझा दम तिथे संपत होता म्हणून, हे त्यांनी माझ्या गळ्यात शिरून शोधून काढले होते आणि मला सांगितले नव्हते. ती चार मिनिटे मी अनेकदा ऐकली आहेत. तरीही अठरा महिने लागायला हवे होते का, याबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. एका गुरुबंधूचे स्पष्ट मत असे आहे की बुवा मूलतः हट्टी होते आणि मी त्या हट्टाला आता फारच सुंदर अर्थ लावतो आहे.

त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही, कारण आमच्याकडे एका गुरुभगिनीच्या आठ फिती आहेत. तिचा नैसर्गिक आवाज खालच्या पट्टीचा होता. वर्गात मुलींसाठी एकच तंबोरा असे आणि तो काळी चारला लावलेला असे. तिने त्याहून खालच्या काळी तीनमध्ये गायला हवे होते, हे आज कोणीही त्या फिती ऐकून सांगेल. बुवांना ते तेव्हा कळले नाही, किंवा कळूनही आवाज चढेल असे त्यांना वाटले. आठ फिती क्रमाने ऐकल्या तर पहिल्या तीनमध्ये भरदार असलेला आवाज पाचवीत चिरकू लागतो आणि आठवीत ती तार षड्जापाशी नुसती हवा सोडते. पुढे तिला डॉक्टरांनी बरेच महिने गाणे बंद करायला सांगितले आणि ती परत आली नाही. मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिने फिती शांतपणे काढून दिल्या आणि एकच अट घातली, की यांतले काही कापायचे नाही. त्या तशाच ठेवल्या आहेत. तिच्यानंतरच्या फितींत एक गोष्ट नव्याने दिसते: कोणीही नवे आले की बुवा आधी त्याला नुसते बोलायला लावतात, मग गुणगुणायला, आणि तीन निरनिराळ्या पट्ट्यांत षड्ज लावून पाहिल्याशिवाय तालीम सुरू करत नाहीत. वर्गात दुसरा तंबोराही येतो. कोणत्याही फितीत ते तिचे नाव घेत नाहीत. एकदा मात्र, उंच पट्टीचा आग्रह धरणाऱ्या एका मुलीला ते म्हणतात, “मी एकदा घाई केली होती. आता नाही करणार.”

या चार वर्षांत माझे स्वतःचे शिकवणे बदलले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हाती आता फोन असतो आणि ती तालीम संपताच जिन्यातच ती ऐकू लागतात. मी त्यांना दोन दिवसांची अट घातली आहे, आणि माझ्याप्रमाणेच तीही ती पाळत नाहीत हे मला कळते. यमनमधली ती चीज आता मी एकाच मुखड्याने सर्वांना शिकवत नाही. वरिष्ठ गुरुबंधूंशी माझे बोलणे सुरू झाले आहे, आणि गेल्या वेळी जमलो तेव्हा आम्ही चारही रूपे एकामागून एक म्हटली. तेव्हा एक मौज लक्षात आली. मुखडे चार ठिकाणांहून उठत होते, अंतरे चार वाटांनी चढत होते, पण समेच्या आधीचा श्वास आम्ही सगळे एकाच जागी घेत होतो.

काम बहुतेक संपले आहे. जुन्या पातळ फितींवर एक चमत्कारिक गोष्ट ऐकू येते: गुंडाळीतल्या एका थराचे चुंबकत्व लगतच्या थरावर पुसट उमटते आणि त्यामुळे जोरकस स्वर प्रत्यक्ष येण्याच्या काही क्षण आधी त्याची सावली ऐकू येते. बुवांचा षड्ज अनेक ठिकाणी असा आधीच येऊन जातो. हा दोष काढता येत नाही, आणि आम्ही तसा फार प्रयत्नही केला नाही.

एक कॅसेट तेवढी नोंदीत बसत नाही. तिच्यावर काहीच लिहिलेले नाही आणि ती कोणाच्या खोक्यातून आली हेही आता सांगता येत नाही. पंचेचाळीस मिनिटे एक मुलगा षड्ज लावण्याचा प्रयत्न करतो आहे. बुवा त्याला नावाने हाक मारत नाहीत, फक्त ‘बाळ’ म्हणतात, एकदाही रागावत नाहीत, आणि सा आणि रे यांच्या पुढे स्वतःही जात नाहीत. आवाज फुटण्याच्या वयातला आहे, त्यामुळे ओळखू येत नाही. पहिल्यांदा ऐकवली तेव्हा हा आपला आवाज नाही, असे आम्ही सगळ्यांनी ठामपणे सांगितले. आता आमच्यातले तिघे तो आपलाच असल्याचा दावा करतात, त्यांत मीही आहे, आणि यादीत त्या कॅसेटीपुढचा रकाना अजून रिकामा आहे.